नारिंगी हॉकवीड : आल्प्समधले देखणे फूल आणि कोझियस्कोच्या डोंगरावरचा शोध

पायवाट (कॅनबेरा)

मंडळी, गेली तीन वर्षे मी डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे इकडच्या ऐन उन्हाळ्यात, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातील कोझियस्को राष्ट्रीय उद्यानात एका फुलझाडाच्या शोधमोहिमेवर स्वयंसेवक म्हणून जाते. फुले शोधायला जाते असे सांगितले की सगळे कौतुकाने फोटो मागतात, आणि ती फुले नष्ट करण्यासाठीच शोधतो असे कळले की बहुतेकांचा चेहरा उतरतो. पुण्यात आईला सांगितले तेव्हा तीही आधी म्हणाली, की एवढ्या सुंदर फुलाने तुमचे काय घोडे मारले आहे? तिला फोनवर जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

या झाडाचे नाव नारिंगी हॉकवीड. शास्त्रीय नाव पिलोसेला ऑरँटियाका, आणि जुन्या पुस्तकांत हायरेशियम ऑरँटियाकम. हे सूर्यफुलाच्या कुळातले, वर्षानुवर्षे टिकणारे, वीतभर ते हात-सव्वा हात उंचीचे झाड आहे. पाने जमिनीलगत गोलाकार पसरलेली, चमच्यासारखी, दोन्ही बाजूंनी केसाळ असतात. मधून एकच दांडा सरळ वर येतो आणि त्याच्या टोकाशी अनेक फुले दाटीने येतात. फुलाचा रंग शेंदूर आणि झेंडूच्या मधला असतो, कडेला गडद आणि मध्याकडे पिवळसर. प्रत्येक 'पाकळी' हे खरे तर एक स्वतंत्र फूल असते आणि तिच्या टोकाला पाच बारीक दाते असतात. दांड्यावर आणि कळ्यांवर काळे राठ केस इतके दाट असतात की कळी कोळशाच्या भुकटीत घोळून काढल्यासारखी दिसते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात हे झाड बागेत लावणाऱ्या बायकांनी याच केसांवरून त्याला 'ग्रिम द कोलियर', म्हणजे काळवंडलेला कोळसेवाला, असे नाव दिले होते. तिथलेच दुसरे नाव 'फॉक्स अँड कब्ज' आहे. उमललेले फूल ही कोल्हीण आणि तिला बिलगलेल्या मिटलेल्या कळ्या ही तिची पिल्ले. मला हे नाव फार आवडते, आणि हे झाड मला मनापासून सुंदर वाटते हेही सुरुवातीलाच सांगून ठेवते.

त्याचे मूळ घर मध्य आणि दक्षिण युरोपातील डोंगर, म्हणजे आल्प्स, कार्पेथियन आणि त्यांच्या आसपासच्या उंचावरची कुरणे. बागेची हौस म्हणून ते तिथून उचलले गेले आणि ब्रिटन, उत्तर अमेरिका, न्यूझीलंड, जपान, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी पोहोचले. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील उंच डोंगरांत ते व्हिक्टोरिया राज्यात फॉल्स क्रीक या बर्फावर घसरण्याच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाजवळ १९९९मध्ये सापडले, आणि कोझियस्को उद्यानात २००३मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत लागलेल्या वणव्यांनी उद्यानाचा फार मोठा भाग जाळला होता आणि पुष्कळ जमीन उघडी पडली होती, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

ऑस्ट्रेलियाचा बर्फाळ प्रदेश अगदी लहान आहे. मुख्य भूमीवरचे सर्वांत उंच शिखर कोझियस्को हे २,२२८ मीटरचे, म्हणजे आपल्या हिमालयाच्या हिशेबाने मसुरीपेक्षा थोडेसेच उंच. परंतु त्या चिमुकल्या प्रदेशात स्नो गम नावाचे वाकडेतिकडे निलगिरी वृक्ष, स्फॅग्नम शेवाळाच्या दलदली आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कोरोबोरी बेडूक आहे, आणि त्याच्याबरोबर इतरत्र कुठेही नसलेल्या कितीतरी वनस्पती आहेत. इथे तापमान वाढले तर झाडांना आणखी वर सरकायला डोंगरच उरलेला नाही. अशा जागी जमिनीला चिकटून गालिचा पसरणारे झाड आले, तर त्याखाली नेमके काय दडपले जाईल ते पाहणाऱ्याला लगेच समजते.

आता शोध कसा चालतो ते सांगते. सकाळी गाडीतून उतरल्याबरोबर पहिले काम म्हणजे बुटांचे तळवे, मोजे, खिशांच्या शिवणी आणि वेल्क्रोच्या पट्ट्या ब्रशने घासून काढणे. मग सगळे एका रांगेत, एकमेकांपासून दोन-तीन पावलांवर उभे राहतात आणि ठरवून दिलेल्या पट्ट्यात अतिशय सावकाश चालत जातात. गवत गुडघ्यापर्यंत असते, त्यामुळे हाताने ते बाजूला सारत मुळाशी पाहावे लागते. फूल असले तर प्रश्न नाही, तो रंग वीस पावलांवरूनही दिसतो. पण फूल यायच्या आधीचे झाड सापडणे हे खरे यश असते, आणि ते जमिनीवरच्या चार-सहा पानांपुरतेच असते. पहिल्या वर्षी मी दिवसभरात अकरा वेळा हात वर केला आणि अकराही वेळा ते दुसरेच काहीतरी निघाले, बहुतेकदा कॅट्स इअर नावाचे दुसरे युरोपीय तण. आमच्या प्रमुखांनी प्रत्येक वेळी शांतपणे येऊन पान भिंगाखाली धरले आणि केस कसे उभे आहेत, पानाची कड कशी आहे, ते पुन्हा दाखवले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओंडक्याच्या सावलीत मला पहिले खरे झाड सापडले. पानाला जरा चीर पडली होती आणि तिथून दुधासारखा पांढरा चीक आला होता. झाड माझ्या तळहाताएवढे होते आणि त्याने दोन धावती खोडे बाहेर टाकायला सुरुवातही केली होती.

ते झाड मी उपटले नाही, कारण तशी परवानगी नसते. न्यू साउथ वेल्समध्ये हे प्रतिबंधित तण आहे आणि ते कोणालाही दिसले तर हात न लावता कळवायचे असा नियम आहे. ओढताना खोडाचा तुकडा मातीत राहिला तर त्यापासून पुन्हा झाड उभे राहते, हे त्यामागचे कारण आहे. आम्ही झेंडा रोवला, जागेची नोंद केली, आणि पुढचे काम प्रशिक्षित माणसांनी तणनाशक वापरून केले. त्या जागेला पुढे वर्षानुवर्षे भेटी दिल्या जातात, कारण बी मातीत सात वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते.

अलीकडे या कामात वास ओळखणारे कुत्रेही आहेत. त्यांना या झाडाचा वास शिकवलेला असतो आणि फूल नसलेले, गवतात पूर्ण बुडालेले एकटे रोप ते शोधून काढतात. एकदा आमची रांग ज्या पट्ट्यातून नुकतीच गेली होती, तिथेच कुत्रा थबकला, नाक खाली करून स्थिर उभा राहिला आणि मालकिणीकडे पाहू लागला. तिने गवत बाजूला केले तर खाली अंगठ्याच्या नखाएवढी पाने होती. आम्ही आठ माणसे त्याच्यावरून गेलो होतो.

तुमच्यापैकी कोणी हे झाड इतर देशांत पाहिले असेल, तर तिथे काय परिस्थिती आहे ते जरूर लिहा.

गारवा (नाशिक)

लेख फार आवडला, पण दोन शंका आहेत. तळहाताएवढे एकच झाड सापडले म्हणून एवढी धावपळ कशासाठी? एकट्या झाडाला परागीभवनासाठी जोडीदार मिळाला नाही तर ते आपोआप संपून जाणार नाही का? आणि दुसरे म्हणजे, फूल इतके भडक आहे म्हणजे मधमाश्या, फुलपाखरे त्यावर येत असणारच. मग त्याने निसर्गाची भरच पडते असे का म्हणू नये?

पायवाट (कॅनबेरा)

गारवा, दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते. कीटक येतात हे खरे आहे. परंतु एका झाडापासून चार ते आठ धावती खोडे निघतात, स्ट्रॉबेरीची निघतात तशीच, आणि प्रत्येकाच्या टोकाला नवे झाड मूळ धरते. काही वर्षांत पाने एकमेकांत अशी गुंततात की मध्ये बोट घालायलाही माती सापडत नाही. अशा ठिकाणी महिनाभर नारिंगी फुले असतील, पण त्या आधी आणि नंतर वेगवेगळ्या वेळी फुलणाऱ्या ज्या दहा-पंधरा स्थानिक वनस्पती होत्या त्यांना बी टाकायलाही जागा उरलेली नसते. ज्या किड्यांचे सबंध आयुष्य त्या वनस्पतींवर अवलंबून आहे, त्यांना महिनाभराच्या मधाचा काय उपयोग?

पहिल्या शंकेबद्दल इथे माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकणारे सदस्य आहेत. 'जुनी वही' सर वाचत असतील तर त्यांनी लिहावे अशी विनंती.

जुनी वही (कोल्हापूर)

पायवाटताई, आठवण काढलीत म्हणून आनंद वाटला. मी तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि मेंडेलच्या वाटाण्याचा धडा शिकवून झाला की हॉकवीडची गोष्ट मी हमखास सांगत असे, कारण ती पाठ्यपुस्तकात नसते.

गारवा यांच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की या झाडाला जोडीदार लागतच नाही. त्याच्या बहुतेक बिया परागकणांशी संयोग न होताच तयार होतात. मादी अवयवातील एक सामान्य पेशी, गुणसूत्रांची संख्या निम्मी न करताच, भ्रूणाच्या वाटेला लागते. म्हणून बी हे आईची हुबेहूब प्रत असते. याला ॲपोमिक्सिस म्हणतात. धावत्या खोडांनी झाड जवळच्या जवळ पसरते, आणि तीच प्रत बीच्या रूपाने, डोक्यावर म्हातारीसारखा केसांचा झुपका घेऊन, वाऱ्याबरोबर किंवा कुणाच्या मोज्याला चिकटून दूर जाते.

आता मेंडेल. ब्र्नो येथील मठात वाटाण्यावरचे प्रयोग संपवून ग्रेगोर मेंडेलने आपला निबंध १८६६मध्ये प्रसिद्ध केला आणि वर्षअखेर म्युनिकचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांना पाठवला. नेगेली हे हॉकवीडचे मोठे अभ्यासक होते. दोघांचा पत्रव्यवहार १८७३पर्यंत चालला आणि त्या काळात मेंडेलने हॉकवीडच्या संकरावर जिवापाड मेहनत घेतली. आपले हे नारिंगी हॉकवीडही त्या प्रयोगांत होते.

या मेहनतीची कल्पना यायला हवी. वाटाण्याचे फूल मोठे असते, ते उघडून पुंकेसर काढणे हे सवयीचे काम आहे. हॉकवीडचे एक 'फूल' म्हणजे कित्येक चिमुकल्या फुलांची जुडी, आणि त्यांतील प्रत्येकाचे पुंकेसर पराग सुटण्याआधी, मधल्या नाजूक नळीला धक्का न लावता काढायचे असतात. उजेड पुरेना म्हणून मेंडेलने आरसा आणि बहिर्गोल भिंग लावून प्रकाश एकवटला, आणि १८६९च्या उन्हाळ्यात त्याचे डोळे असे दुखावले की त्याला काही महिने हे काम जवळपास बंद ठेवावे लागले. तोपर्यंत तो मठाचा प्रमुखही झाला होता आणि कामाचा व्याप वाढलेला होता.

एवढे करून हाती आले ते वाटाण्याच्या अगदी उलट. वाटाण्यात संकराची पहिली पिढी एकसारखी असते आणि दुसऱ्या पिढीत गुण वेगळे होतात. हॉकवीडमध्ये पहिल्याच पिढीतील झाडे एकमेकांहून वेगळी निघाली आणि पुढे प्रत्येकाची संतती तशीच्या तशी राहिली. मेंडेलने हे प्रामाणिकपणे मांडले आणि तो निबंध १८७०मध्ये छापून आला. बी संयोगाविना तयार होते हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. ते १९०३च्या सुमारास डेन्मार्कच्या ओस्टेनफेल्ड आणि राउनकिएर यांनी दाखवले. त्यांनी न उमललेल्या कळीचा वरचा भाग वस्तऱ्याने कापून टाकला, म्हणजे पुंकेसर आणि परागकण स्वीकारणारी टोके दोन्ही गेली, आणि तरीही खाली बी धरले. मेंडेल १८८४मध्येच गेला होता. वर्गात हे सांगताना प्रत्येक वेळी माझा आवाज जरा जड होत असे, आणि आज लिहितानाही तेच वाटते आहे.

म्हणून गारवा, तळहाताएवढ्या त्या एका झाडात पुढच्या सबंध पसाऱ्याचे सगळे भांडवल असते.

संत्राबाग (वरूड)

सर, तुम्ही सांगितलेले आम्हा बागायतदारांना अगदी ओळखीचे वाटले. नागपुरी संत्र्याच्या कलमासाठी आम्ही जंबेरीचा खुंट वापरतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरतो. जंबेरीच्या एका बीमधून कधी दोन, कधी तीन रोपे येतात, आणि त्यांतली बहुतेक मूळ झाडासारखीच निघतात, म्हणूनच सगळे खुंट सारख्या जोमाचे मिळतात. वाफ्यात जे रोप वेगळे दिसते ते आम्ही काढून टाकतो. तिथेही संयोगाविना तयार झालेली रोपे असतात असे कृषी अधिकाऱ्यांनी सांगितले होते. हे तेच आहे का?

जुनी वही (कोल्हापूर)

परिणाम तोच, वाट थोडी निराळी. लिंबूवर्गीय फळांत बीजांडाच्या आतील भोवतालच्या पेशींतूनच थेट भ्रूण तयार होतात आणि संयोगातून झालेला भ्रूणही अनेकदा त्यांच्याबरोबर वाढत असतो. तुम्ही वाफ्यातून काढता ती वेगळी रोपे बहुधा त्या भ्रूणाची असतात. तुमच्या बागेत जो गुण उपकारक आहे तोच डोंगरावरच्या कुरणात घातक ठरतो. आणि हाच गुण भातासारख्या पिकात आणता आला तर शेतकऱ्याला संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागणार नाही, म्हणून जगभर त्यावर संशोधन चालू आहे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी त्यासाठी प्रयोगशाळेत अभ्यासायला जी झाडे निवडली त्यांत हॉकवीडच होते.

निंबोणी (वर्मॉंट)

हा धागा वाचताना मी दोनदा उठून खिडकीतून बाहेर पाहिले. जून महिन्यात आमच्या घरामागचा उतार अर्धा याच फुलांनी भरलेला असतो, आणि मी त्याचे फोटो दरवर्षी साताऱ्याला पाठवत आले आहे.

इथे त्याला 'डेव्हिल्स पेंटब्रश', सैतानाचा कुंचला, म्हणतात. हे नाव शेतकऱ्यांनी दिले असणार हे मला आत्ता लक्षात आले. गावच्या वाचनालयात चौकशी केल्यावर कळले ते असे, की उत्तर अमेरिकेत हे झाड आले ते आमच्याच वर्मॉंट राज्यात, १८७५च्या सुमारास, बागेतले शोभेचे झाड म्हणून. पुढच्या पाव शतकात ते न्यू इंग्लंडमधून कॅनडाच्या पूर्व भागात आणि ग्रेट लेक्सच्या परिसरात पसरले. इथली जमीन आम्लधर्मी आणि निकस, जुनी कुरणे चरून झिजलेली. त्याला आल्प्समधल्यासारखेच वाटले असेल. पुढे ते पश्चिमेच्या डोंगराळ राज्यांत आणि अलास्कापर्यंत गेले.

माझी स्वतःची चूक इथे लिहायला हवी. हे घर घेतले तेव्हा मागच्या उतारावर अशी दहा-बारा झाडे असतील. ती काढायच्या ऐवजी मी त्यांच्या भोवतालचे गवत राखले, आणि उरलेल्या हिरवळीवर मात्र दर आठवड्याला यंत्र फिरवले. कापल्यामुळे झाड मरेल असा माझा समज होता. झाले असे, की उंच गवत कापले जाई, जमिनीला चिकटलेली पाने पात्याखाली सुखरूप राहत आणि त्यांना भरपूर ऊन मिळे. दुसऱ्या वर्षी फुले बोटभर दांड्यांवरच येऊ लागली. याशिवाय एका दुकानातून 'रानफुलांचे मिश्र बियाणे' म्हणून पाकीट आणून पेरले होते. त्यात नेमके काय होते ते पाकिटावर लिहिलेले नव्हते.

जुनी वही (कोल्हापूर)

निंबोणी, तुमच्या उताराबद्दल एक विलक्षण गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत दोन संशोधकांनी या झाडाचे नमुने खंडाच्या दोन्ही टोकांकडून गोळा करून त्यांचा जनुकीय अभ्यास केला आणि तो २००९मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या राज्यांतील झाडे जवळजवळ सगळी एकाच वाणाची, एकमेकांच्या प्रती निघाली. म्हणजे तुमच्या घरामागची झाडे आणि तीन-चार हजार किलोमीटर दूर मॉंटानातील झाडे ही जनुकांच्या हिशेबाने एकच झाड आहे असे म्हणता येते. जनुकीय वैविध्य नसेल तर प्रजाती नव्या प्रदेशात टिकत नाही असे आपण शिकवतो. इथे एकच नमुना सबंध खंडाला पुरून उरला.

चांदणवेल (म्युनिक)

मी या फुलाच्या माहेराहून लिहिते आहे. जर्मनमध्ये याला 'ओरांजेरोटेस हाबिख्ट्सक्राउट' म्हणतात, म्हणजे नारिंगी-लाल ससाणावनस्पती. इंग्रजी हॉकवीडचाही अर्थ तोच. ससाणे नजर तीक्ष्ण व्हावी म्हणून ही वनस्पती खातात असा प्राचीन ग्रीक-रोमन काळापासूनचा समज होता, आणि हायरेशियम हे नावही ससाण्याच्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे.

गेल्या जुलैत आम्ही ओबर्स्टडॉर्फच्या वरच्या डोंगरांत तीन दिवस चालत होतो. झाडांची रेषा मागे पडल्यावर, गुरे चरतात त्या उतारावर, ताठ आखूड गवतात मला पहिले नारिंगी फूल दिसले. मी आजूबाजूला नीट पाहिले. एका पावलाच्या जागेत अर्निका होते, निळी घंटाफुले होती, रानओवा होता, दोन-तीन प्रकारची गवते होती, आणि हॉकवीडचे मोजून एक झाड. त्याच्या एका पानाला किड्याने भोके पाडली होती, दुसऱ्यावर बुरशीचे डाग होते. पुढचे झाड वीस-पंचवीस पावलांवर होते. सबंध दिवसात तीसेक झाडे दिसली असतील आणि प्रत्येक वेळी आम्ही थांबून पाहिले. त्याच झाडाने डोंगराचा उतार झाकून टाकला आहे असे कोणी सांगितले असते तर मला पटले नसते.

मात्र घरी परतल्यावर दिसले, की आमच्या वसाहतीतल्या हिरवळीवर हेच झाड दाटीने उगवले आहे. सखल भागातल्या बागांमध्ये ते लावतात आणि तिथून ते रस्त्याच्या कडेला आणि दफनभूमीच्या गवतात जाते. म्हणजे देश तोच, पण घर नव्हे. डोंगरावरचे थंड, निकस, चरलेले कुरण आणि त्यातले शेजारी हेच त्याचे घर आहे.

माळरान (सातारा)

चर्चा उत्तम चालली आहे. तरीही एक गोष्ट मनात आली ती मांडतो. आमच्याकडे घाणेरी आहे, रानमोडी आहे, गाजरगवत तर १९५५मध्ये पुण्यात दिसले ते आता देशभर आहे. हल्ली पावसाळा संपताना पुण्याच्या टेकड्यांवर मेक्सिकोतून आलेला पिवळा-केशरी कॉसमॉस फुलतो आणि लोक गाड्या थांबवून त्यात उभे राहून फोटो काढतात. त्यांना हे रान परके आहे असे सांगितले तर वाईट वाटते. माझा प्रश्न असा, की एकदा पसरल्यावर माणसाच्या हाती खरोखर काही उरते का? की आपण फक्त स्वतःचे समाधान करून घेतो?

पायवाट (कॅनबेरा)

माळरान, हा प्रश्न आमच्या तंबूतही दर वर्षी निघतो, त्यामुळे मनापासून उत्तर देते.

कॉसमॉस वर्षाला मरतो आणि बीवरच जगतो, त्यामुळे फुलण्याआधी उपटणे हा तिथे साधा उपाय आहे, हाताने करता येण्याजोगा. हॉकवीडची जात वेगळी. त्याच्याबाबत मला जे समजले ते असे, की ठिकाणानुसार उद्दिष्ट वेगळे ठेवावे लागते. निंबोणींच्या वर्मॉंटमध्ये ते दीडशे वर्षे आहे. तिथून ते संपूर्ण जाईल असे कोणी मानत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मॅकेन्झी खोऱ्यासारख्या भागात हॉकवीडच्या जाती, विशेषतः पिवळ्या फुलाचे माउस-इअर हॉकवीड, टसॉक गवताच्या मोठ्या प्रदेशावर पसरल्या आहेत. तिथे माणूस हाताने काय काढणार? म्हणून त्यांनी युरोपातून त्याचे नैसर्गिक शत्रू आणले. त्यांत एक अगदी बारीक गांधीलमाशी आहे, जी धावत्या खोडाच्या टोकाशी अंडी घालते. तिथे गाठ येते आणि खोड लांबायचे थांबते. न्यूझीलंडमध्ये हॉकवीडची एकही स्थानिक जात नाही, म्हणून हे तुलनेने निर्धोक होते. उत्तर अमेरिकेत हॉकवीडचे स्थानिक भाऊबंद आहेत, त्यामुळे तिथे तीच माशी सोडण्यापूर्वी ती त्यांच्यावर जाते का हे तपासावे लागले.

कोझियस्कोत मात्र अजून मोजता येईल इतकीच झाडे आहेत, आणि म्हणूनच आम्ही गवतात गुडघ्यावर बसतो. २०१४च्या उन्हाळ्यात याच उद्यानाच्या मुख्य डोंगररांगेवर माउस-इअर हॉकवीडही सापडले, तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. त्या जागेवर तातडीने काम झाले आणि तिची तपासणी पुढेही होत राहिली. माझ्या पहिल्या झाडाच्या ओंडक्यापाशी मी गेल्या जानेवारीत पुन्हा गेले होते. झेंडा अजून तिथे आहे. त्याभोवती आम्ही तासभर पाने चाळली; स्नो डेझी या स्थानिक फुलझाडाची तीन रोपे आली होती, हॉकवीड नव्हते. तपासणीची अजून पाच वर्षे बाकी आहेत.

निंबोणी (वर्मॉंट)

पायवाट, इथे ते जाणार नाही हे मान्य आहे. पण आमच्या उताराच्या वरच्या टोकाला जंगलात जाणारी पायवाट सुरू होते आणि तिच्या कडेला मी काल सहा झाडे मोजली. ती तरी काढावीत असे ठरवले आहे. उद्या पाऊस आहे, माती ओली असेल. इथे कळवण्याचा नियम नाही, तेव्हा स्वतःच काढणार आहे. काही काळजी घ्यावी का? फुले तोडून झाडाच्या बुडाशीच टाकली तर चालतील का?

पायवाट (कॅनबेरा)

फुले तिथे टाकू नका. या कुळातली तोडलेली फुलेही दांड्यावरच्या अन्नावर बी पिकवू शकतात. आधी फुले आणि कळ्या तोडून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तोंड घट्ट बांधा. मग हाताने न ओढता बारीक खुरप्याने चारी बाजूंनी माती सैल करा, धावती खोडे कुठपर्यंत गेली आहेत ते बोटाने चाचपा आणि टोकापर्यंत सगळे उचला. ढिगावर खत करायला टाकू नका. परत येताना मोजे अंगणातच उतरवा. मी घरात आल्यावर उतरवले होते, आणि त्यांच्या विणीत अडकलेली तीन काळी बिया मला दुसऱ्या दिवशी गालिच्यावर सापडली.

निंबोणी (वर्मॉंट)

सहाही काढली. चार सहज आली. पाचव्याचे एक खोड दगडाखाली गेले होते, तो दगड मुलीने आणि मी मिळून उलटवला. सहाव्याचे खोड तुटले आणि तुकडा आत राहिला. तिथे लाल दोरा बांधलेली काडी रोवून आले आहे, दर रविवारी जाऊन पाहीन.